तांब्याची तार गेली, फॅक्स राहिला

प्रश्न नाशिकच्या एका मेडिकल बिलिंग कंपनीतून आला आहे. त्यांचे काम अमेरिकेतल्या दवाखान्यांचे आहे. रुग्णाचे कागद ईमेलने मागितले की तिकडून नकार येतो, फॅक्स नंबर दिला की तासाभरात चाळीस पाने येऊन पडतात. इकडे कंपनीचा माहिती-सुरक्षा विभाग म्हणतो की फॅक्स बंद करा, त्यात कसलेही एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर इतरांना वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात बदलण्याची सोय, नाही. तिकडे क्लायंट म्हणतो की फॅक्सएवढे सुरक्षित दुसरे काही नाही. खरे कोणाचे मानायचे, आणि २०२० नंतरच्या जगात मोठमोठे उद्योग अजून फॅक्सला का धरून आहेत?

माझे थेट उत्तर असे की तुमचा क्लायंट ज्या फॅक्सवर विश्वास ठेवतो आहे तो फॅक्स बहुतेक ठिकाणी आता उरलेलाच नाही. यंत्राचा आवाज तोच आहे, हातात पडणारी पोचपावतीही तशीच आहे, पण मधला रस्ता पूर्ण बदलला आहे. मी अमेरिकन रुग्णालयांसाठी फॅक्स सर्व्हर, म्हणजे फॅक्स पाठवणारे आणि घेणारे संगणक, बसवण्याचे आणि ते रुग्णनोंदींच्या सॉफ्टवेअरला जोडण्याचे काम बरीच वर्षे करतो आहे, त्यामुळे हा रस्ता मला आतून माहीत आहे. मात्र फॅक्स वापरणारे लोक मागासलेले किंवा आळशी आहेत, असे मी मुळीच मानत नाही. त्यांच्याकडे ठोस कारणे आहेत. ती समजून घेतल्याशिवाय फॅक्स बंद करायला निघालात तर काम अडेल, आणि काम अडले की माणसे फॅक्सपेक्षाही वाईट वाट शोधतात. रुग्णाच्या अहवालाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवणे, ही त्यातली सर्वांत नेहमीची वाट.

आधी तिथला दिवस कसा असतो ते पाहू. फॅमिली डॉक्टर रुग्णाला हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवतो, त्याचे रेफरल फॅक्सने जाते. महागड्या तपासणीला किंवा औषधाला विमा कंपनीची पूर्वपरवानगी लागते, तिचा अर्ज आणि सोबतच्या नोंदी फॅक्सने जातात. औषधाच्या दुकानातून पुन्हा औषध देण्याची विनंती येते. घरी जाऊन शुश्रूषा करणारी संस्था डॉक्टरांच्या सहीसाठी आदेशपत्र पाठवते आणि सही होऊन ते त्याच वाटेने परत येते. वकील, विमा तपासनीस, अपंगत्व भत्त्याचे सरकारी कार्यालय, सगळ्यांचे कागद असेच फिरतात. यातल्या प्रत्येक वेळी कागद संस्थेच्या कुंपणाबाहेर जातो, आणि समोरच्याचे सॉफ्टवेअर आपल्यापेक्षा वेगळे असते. रुग्णालयाच्या आत सगळे संगणकावर चालते. फॅक्स लागतो तो कुंपण ओलांडताना.

आता कायदा. सुरक्षिततेचा गैरसमज इथूनच सुरू होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. अमेरिकेत रुग्णांच्या माहितीचे रक्षण करणारा हिपा कायदा १९९६ सालचा. त्याखालचे गोपनीयतेचे नियम एप्रिल २००३ पासून आणि सुरक्षेचे नियम एप्रिल २००५ पासून पाळणे बंधनकारक झाले. गोपनीयतेचे नियम माहिती कोणत्याही रूपात असो, लागू होतात. तोंडी असो, कागदावर असो, संगणकात असो. सुरक्षेचे नियम मात्र फक्त इलेक्ट्रॉनिक माहितीला लागू आहेत. कोणाला काय दिसावे, नोंद कशी ठेवावी, एन्क्रिप्शनचे काय, हे सगळे त्यांत येते. आणि व्याख्येच्या कलमात एक सवलत आहे: कागदावरून थेट पाठवलेला फॅक्स आणि टेलिफोनवरचे बोलणे ही इलेक्ट्रॉनिक माध्यमातली पाठवणी धरली जात नाही. २०१३ च्या सुधारणेत त्याला स्पष्ट अट जोडली गेली. पाठवण्याच्या लगेच आधी ती माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नसेल, तरच ही सवलत.

व्यवहारात या सवलतीचा अर्थ असा पसरला की फॅक्स हिपाला चालतो आणि ईमेल चालत नाही. दोन्ही अर्धवट आहे. ईमेलला बंदी नाही, योग्य काळजी घेऊन तो पाठवता येतो. आणि फॅक्सला जी सूट आहे ती कागद यंत्रात घालून दुसऱ्या टोकाला कागदच बाहेर काढणाऱ्या जुन्या यंत्रापुरती आहे. आज रुग्णालयातली नर्स स्क्रीनवर रुग्णाची नोंद उघडते, पाठवण्याचे बटण दाबते, नोंद फॅक्स सर्व्हरवर चित्राच्या फाइलमध्ये बदलते आणि निघते. पाठवण्याच्या आदल्या क्षणी ती माहिती संगणकातच होती. म्हणजे सवलत संपली, सुरक्षेचे सगळे नियम लागू. हे मी ज्या ज्या संस्थांमध्ये सांगितले आहे, तिथल्या कायदेविषयक माणसांना ते माहीत असते. पण पुढच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसापर्यंत ते पोहोचलेले नसते, आणि तुमच्या ईमेलला नकार देणारा माणूस काउंटरवरचाच असतो. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच केले असते. फॅक्स पाठवल्याबद्दल त्याला कोणी कधी जाब विचारलेला नाही. चुकीच्या ईमेलबद्दल नोकरी गेल्याच्या गोष्टी त्याने प्रशिक्षणात ऐकलेल्या आहेत.

दुसरे कारण पोचपावतीचे. आपल्याकडे सरकारी कार्यालयात अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय कोणी जागचे हलत नाही. फॅक्स तो शिक्का आपोआप देतो. दोन यंत्रांमधला संवाद ठरलेला आहे: हाक मारणारे यंत्र ११०० हर्ट्झचा सूर देते, उचलणारे २१०० हर्ट्झने ओ देते, मग मला काय काय जमते हे ते सांगते, वेग ठरतो, चाचणीचा संदेश जातो, पाने जातात, आणि प्रत्येक पानानंतर समोरचे यंत्र ‘मिळाले’ असे कळवते. ते कळल्याशिवाय पाठवणाऱ्याच्या अहवालात ‘यशस्वी’ असे उमटत नाही. ही पद्धत ठरली १९८० साली, तिसऱ्या गटाच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आणि तेव्हापासून जगभरातली यंत्रे एकमेकांशी याच भाषेत बोलतात. विमा कंपनीशी अपिलाची मुदत सांभाळायची असते तेव्हा ‘अमुक तारखेला, अमुक वाजता, बावीस पाने, यशस्वी’ ही एक ओळ फार मोलाची ठरते. ईमेल गेला, पण तो स्पॅममध्ये अडकला की वाचला गेला, हे पाठवणाऱ्याला सांगणारे असे काही नाही.

पण ही पावती नेमके काय सिद्ध करते, ते लक्षात ठेवा. समोरच्या यंत्राने पाने घेतली एवढेच. ती योग्य माणसाच्या हाती पडली हे नाही. यंत्राची स्वतःची ओळख म्हणजे वीस अक्षरांपर्यंतचा एक मजकूर. तो कोणीही आपल्या यंत्रात हवा तसा भरू शकतो, त्याची पडताळणी होत नाही. आणि यंत्रामागे माणूस नसेल तर सगळेच खुंटते. २१ नोव्हेंबर २०१८ रोजी मेहबूबा मुफ्तींनी सरकार स्थापनेच्या दाव्याचे पत्र जम्मू-काश्मीरच्या राजभवनाला फॅक्सने पाठवण्याचा प्रयत्न केला. तिकडे फॅक्स घेतला जात नसल्याचे त्यांनी ट्विटरवर लिहिले. त्याच संध्याकाळी विधानसभा विसर्जित झाली, आणि सुट्टीमुळे फॅक्सपाशी कोणी नव्हते असे राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी नंतर सांगितले. रुग्णालयात शुक्रवारी संध्याकाळी कागद संपलेल्या यंत्रापाशी हेच घडते, फक्त त्याची बातमी होत नाही.

तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते. फॅक्स पाठवायला समोरच्याशी आधी काहीही ठरवावे लागत नाही. करार नको, खाते नको, पासवर्ड नको, दोघांचे सॉफ्टवेअर एका कंपनीचे असण्याची गरज नाही. नंबर माहीत असला की झाले. २००९ च्या हायटेक कायद्यानंतर अमेरिकन सरकारने डॉक्टरांना आणि रुग्णालयांना इलेक्ट्रॉनिक नोंदी घ्यायला लावण्यासाठी तीस अब्ज डॉलरहून अधिक प्रोत्साहनपर रक्कम वाटली. नोंदी संगणकात गेल्या. पण एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या सहज जाव्यात, याची सोय त्या वेगाने झाली नाही. प्रत्येकाचे बेट सुबक झाले, पूल बांधायचे राहून गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजना चालवणाऱ्या संस्थेच्या तत्कालीन प्रमुख सीमा वर्मा यांनी २०२० पर्यंत डॉक्टरांची कार्यालये फॅक्समुक्त करण्याचे जाहीर आवाहन केले. आणि २०२० च्या उन्हाळ्यात टेक्सासमधल्या हॅरिस काउंटीच्या आरोग्य विभागात कोविड चाचण्यांचे अहवाल फॅक्सने येऊन कागदांचे ढीग जमिनीवर पडत होते.

डायरेक्ट नावाची एन्क्रिप्टेड संदेशसेवा आहे, डॉक्टर-डॉक्टर ती वापरू शकतात. पण पत्ता शोधायचा कुठे? फॅक्स नंबर प्रत्येक डॉक्टरच्या लेटरहेडवर छापलेला असतो. डायरेक्टचा पत्ता खुद्द त्या डॉक्टरलाही कित्येकदा माहीत नसतो. टेफ्का हे देशव्यापी देवाणघेवाणीचे जाळे डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाले आहे. जानेवारी २०२४ च्या नियमाने सरकारी योजनांशी निगडित अनेक विमा कंपन्यांना पूर्वपरवानगीची प्रक्रिया जानेवारी २०२७ पर्यंत थेट सॉफ्टवेअर-ते-सॉफ्टवेअर करायला सांगितले आहे. माझ्या अंदाजाने फॅक्सला खरा धक्का इथेच बसेल, कारण फॅक्सच्या ओझ्याचा मोठा भाग पूर्वपरवानगीचा आहे.

खर्चाचा हिशेब थोडक्यात सांगतो. तीन डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्याला फॅक्स जवळपास फुकट पडतो. नवी जोडणी करायला त्यांनाच पैसे आणि माणसे लावावी लागतात, आणि तिचा फायदा बहुतांशी समोरच्या मोठ्या रुग्णालयाला किंवा विमा कंपनीला होतो. ज्याने खर्च करायचा त्याला फायदा नाही, तर बदल होईल कसा?

आता मूळ काळजीकडे, सुरक्षिततेकडे येतो.

फॅक्स सुरक्षित का मानला गेला? कारण तो टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून, दोन यंत्रांमध्ये तेवढ्यापुरता जोडलेल्या मार्गाने जायचा. पाने मध्ये कुठे साठत नसत. चोरायची तर कोणीतरी नेमक्या त्या तारेला, नेमक्या त्या वेळी जाऊन चिकटायला हवे. हे शक्य होते, पण एका वेळी एकच फॅक्स हाती लागायचा, आणि त्यासाठी प्रत्यक्ष तिथे जावे लागायचे. एन्क्रिप्शन तेव्हाही नव्हते. होती ती फक्त वाट अडचणीची असल्याची सुरक्षा.

ती वाटच आता राहिलेली नाही. टेलिफोन कंपन्या तांब्याच्या लाइन काढून टाकत आहेत. ब्रिटनमध्ये जुने टेलिफोन जाळे जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहे. आजचा फॅक्स आवाजाच्या कॉलसारखाच इंटरनेटच्या पाकिटांत चिरून जातो. त्यासाठीचे टी-३८ हे मानक १९९८ पासून आहे. त्यात मूळ स्वरूपात एन्क्रिप्शन नाही. सेवा देणाऱ्याने वेगळा एन्क्रिप्टेड बोगदा बांधला तरच ते मिळते, आणि तुमच्या कंपनीपासून समोरच्या दवाखान्यापर्यंत मध्ये तीन-चार सेवादाते असतील तर सगळ्यांनी बांधला आहे की नाही हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. जर्मनीतल्या ब्रेमेन राज्याच्या माहिती-संरक्षण कार्यालयाने २०२१ मध्ये हेच बोलून दाखवले: फॅक्सची गोपनीयता आता एन्क्रिप्शन नसलेल्या ईमेलएवढीच आहे, वैयक्तिक माहितीसाठी तो योग्य नाही. तांत्रिकदृष्ट्या मला हे मत पूर्ण पटते.

त्यात क्लाउड फॅक्सची भर. तुमच्या कंपनीत फॅक्स यंत्र नसेलच. एखाद्या सेवेने दिलेल्या अमेरिकन नंबरवर फॅक्स येतो, तिच्या सर्व्हरवर साठतो आणि पीडीएफ होऊन तुमच्या ईमेलमध्ये पडतो. म्हणजे ज्या दवाखान्याने ईमेल नको म्हणून फॅक्स केला, त्याचे कागद शेवटी ईमेलमध्येच आले, आणि बऱ्याचदा अशा सामायिक खात्यात आले ज्याचा पासवर्ड अख्ख्या टीमला माहीत आहे! क्लायंटला हे बहुधा माहीत नाही. त्याला हे कळवणे तुमचे कर्तव्य आहे असे मी मानतो. कायद्याच्या बाजूनेही इथे फरक पडतो. टेलिफोन कंपनी किंवा टपाल खाते केवळ वाहक धरले जाते, त्यांच्याशी हिपाचा करार लागत नाही. पण जी सेवा रुग्णाची माहिती स्वतःकडे साठवून ठेवते ती वाहक नाही, ती व्यवसाय सहयोगी ठरते आणि तिच्याशी लेखी करार असलाच पाहिजे. महिना काही डॉलरची स्वस्त सेवा घेऊन हा करार न करणारे मी खूप पाहिले आहेत.

मात्र प्रत्यक्षात माहिती फुटते ती बहुधा तार चोरून ऐकल्याने नाही, चुकीच्या नंबरमुळे. एक आकडा इकडचा तिकडे झाला की रुग्णाच्या मानसोपचाराच्या नोंदी एखाद्या अनोळखी दुकानात छापल्या जातात, आणि पोचपावती ‘यशस्वी’ म्हणते. कधी नंबर बरोबर असतो, पण दवाखाना वर्षापूर्वी दुसरीकडे गेलेला असतो आणि तो नंबर नव्या कोणाला दिला गेलेला असतो. कधी नंबरही बरोबर, पण माणूस चुकीचा. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स-रूझवेल्ट रुग्णालयाने याच कारणाने ३,८७,२०० डॉलर भरून तडजोड केली: रुग्णाने आपले कागद टपाल पेटीच्या पत्त्यावर मागितले होते, ते त्याच्या मालकाच्या कार्यालयात फॅक्स झाले, आणि त्यात त्याच्या एचआयव्ही स्थितीची माहिती होती. त्या माणसावर काय ओढवले असेल याचा विचार केला की पानाच्या तळाशी छापलेली ‘चुकून मिळाल्यास नष्ट करावे’ ही ओळ किती पोकळ आहे ते कळते. ती ओळ काहीही थांबवत नाही.

यंत्राची स्मृती हा आणखी एक दुर्लक्षित कोपरा. कार्यालयातले मोठे यंत्र, जे फॅक्स, झेरॉक्स, स्कॅन सगळे करते, त्याच्या पोटात हार्ड डिस्क असते आणि तिच्यावर पानांच्या प्रती राहतात. न्यूयॉर्कच्या अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅनने भाड्याची झेरॉक्स यंत्रे डिस्क न पुसता परत केली. त्यातले एक सीबीएस वाहिनीच्या वार्ताहरांनी विकत घेतले आणि आत रुग्णांची माहिती सापडली. सुमारे ३ लाख ४४ हजार लोकांची माहिती उघडी पडल्याचा अंदाज होता, आणि २०१३ मध्ये १२,१५,७८० डॉलरवर प्रकरण मिटले. शिवाय हे यंत्र एका बाजूने टेलिफोन लाइनला आणि दुसऱ्या बाजूने कार्यालयाच्या नेटवर्कला जोडलेले असते. ऑगस्ट २०१८ मध्ये चेक पॉइंट कंपनीच्या यानिव बाल्मास आणि एयाल इटकिन या संशोधकांनी डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत दाखवले की केवळ फॅक्स नंबर माहीत असताना, मुद्दाम घडवलेला रंगीत फॅक्स पाठवून एचपीच्या प्रिंटरचा ताबा घेता येतो आणि तिथून आतल्या संगणकांकडे सरकता येते. एचपीने दुरुस्ती दिली. पण प्रिंटरचे फर्मवेअर अद्ययावत ठेवणे हे कोणाचे काम, असे कोणत्याही कार्यालयात विचारून पाहा. उत्तर मिळायला वेळ लागतो.

सुरक्षा म्हणजे केवळ गोपनीयता नव्हे, माहिती जशीच्या तशी पोहोचणेही आलेच. साधा फॅक्स उभ्या दिशेने इंचाला फक्त ९८ ठिपक्यांनी पान वाचतो, ‘फाइन’ निवडले तर १९६. लॅबच्या अहवालातला बारीक दशांश चिन्हाचा टिंब साध्या प्रतीत उडू शकतो. औषधाच्या मात्रेत तो टिंब गेला तर काय होईल हे डॉक्टरला सांगायला नको. त्यातच मोठा फॅक्स मध्येच तुटला की सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो, आणि मांडणी नीट नसेल तर पहिली पाने दोनदा पोहोचतात. पलीकडचा कर्मचारी ते गठ्ठे हाताने रुग्णांच्या नोंदींत लावतो; दोन सारख्या नावांमध्ये गल्लत झाली की एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या फाइलमध्ये जाते. फॅक्सवर चर्चा होते तेव्हा सगळे हॅकरबद्दल बोलतात, आणि मला मात्र या टिंबाची आणि या गल्लतीची भीती जास्त वाटते.

तरीही तुमच्या क्लायंटच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे, आणि तो मांडला नाही तर मी अन्याय करीन. फॅक्स चुकला तर एका रुग्णाचे कागद जातात. एक ईमेल खाते फोडले तर वर्षानुवर्षांचे हजारो कागद एकदम जातात. आणि सगळे व्यवहार एकाच मोठ्या जाळ्यातून नेले तर काय होते, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या वैद्यकीय बिले आणि विमादावे पुढे नेणाऱ्या अमेरिकन कंपनीवरच्या सायबर हल्ल्याने दाखवले. दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खूण मागणे) नसलेल्या एका पोर्टलमधून हल्लेखोर आत शिरले, सुमारे १९ कोटी लोकांच्या माहितीला धक्का लागला, देशभरातली बिले आणि औषधांची दुकाने अडली, आणि अनेक दवाखाने पुन्हा कागदाकडे वळले. तेव्हा फॅक्स चालू असलेल्यांचे काम निदान काही प्रमाणात चालले. नुकसान लहान तुकड्यांत वाटलेले असणे हाही संरक्षणाचा एक प्रकार आहे. पण हा फायदा क्लाउड फॅक्सने बहुतेक घालवला आहे, कारण तिथे सगळे फॅक्स पुन्हा एकाच साठ्यात जमा होतात.

बाकी देशांत काय झाले? इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१८ मध्ये सुमारे नऊ हजार फॅक्स यंत्रे असल्याचे शल्यविशारदांच्या रॉयल कॉलेजने मोजले. आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी जानेवारी २०१९ पासून नवी खरेदी बंद केली आणि मार्च २०२० ही शेवटची मुदत दिली. तिथे एकच मोठा ग्राहक असल्याने आदेश देता आला. जपानमध्ये मंत्री तारो कोनो यांनी २०२१ मध्ये सरकारी कार्यालयांतून फॅक्स हटवायचे ठरवले तेव्हा शेकडो हरकती आल्या आणि माघार घ्यावी लागली. हरकतींत माहितीच्या सुरक्षेची काळजीच पुढे होती. अमेरिकेत असा एकच आदेश देणारा मालक नाही, लाखो छोटे दवाखाने आहेत.

आणि हे केवळ रुग्णालयांचे नाही. पुण्यात बसून अमेरिकेत कंपनी नोंदवणाऱ्या तरुण उद्योजकांना याचा अनुभव येतो: ज्यांचे अमेरिकेत निवासस्थान किंवा व्यवसायाची मुख्य जागा नाही त्यांना कंपनीचा करक्रमांक तिथल्या करखात्याच्या वेबसाइटवर मागता येत नाही. एसएस-४ अर्ज फॅक्सने, टपालाने किंवा फोनवरूनच द्यावा लागतो. मग ते ऑनलाइन फॅक्स सेवा शोधतात आणि पहिल्या सापडलेल्या फुकट संकेतस्थळावर पासपोर्टवरच्या नावासकट सगळा अर्ज चढवतात. तसे करू नका. पैसे देऊन नीट सेवा घ्या, आणि काम झाले की तिथली फाइल पुसा.

तुमच्या कंपनीने काय करावे ते आता सांगतो. आधी एका मोठ्या कागदावर तुमच्या फॅक्सचा खरा रस्ता काढा: नंबर कोणाचा, तो कोणाच्या सर्व्हरवर उतरतो, किती दिवस साठतो, पुढे कुठे जातो, कोण उघडते. या रस्त्यावर जिथे जिथे माहिती साठते तिथे तिथे करार आहे का ते तपासा. ईमेलमध्ये पीडीएफ येणे बंद करून, सेवेच्या संकेतस्थळावर लॉगिन करून पाहायची फॅक्सची रांग वापरा, प्रत्येकाचे खाते वेगळे आणि दुहेरी पडताळणी सक्तीची. कोणी काय उघडले याची नोंद राहिली पाहिजे.

पाठवताना हाताने नंबर दाबू देऊ नका. पडताळलेल्या नंबरांची एकच यादी ठेवा. नवा नंबर आला की लेटरहेडवर किंवा वेबसाइटवर शोधलेल्या टेलिफोनवरून खात्री करा, ज्या कागदावर फॅक्स नंबर आला त्याच कागदावरच्या फोनवरून नव्हे. पहिल्यांदा फक्त रिकामे मुखपृष्ठ पाठवून ते पोहोचल्याचे तोंडी विचारा. मुखपृष्ठावर रुग्णाचे नाव, जन्मतारीख, आजार काहीही नको. नेहमी फाइन प्रत. रोज संध्याकाळी फसलेल्या आणि अर्धवट गेलेल्या फॅक्सची यादी एका ठरलेल्या माणसाने पाहायची; आवक-जावक नोंदवहीची शिस्त असलेला जुना कर्मचारी असेल तर हे काम त्याच्याकडे द्या, तो ते उत्तम करेल. कार्यालयात मोठे यंत्र असेल तर ते नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवा, आणि भाड्याचा करार संपताना डिस्क पुसल्याचे लेखी घ्या.

गठ्ठ्याने जाणारी माहिती, म्हणजे शेकडो रुग्णांच्या याद्या, फॅक्सवर कधीच नको. त्यासाठी एन्क्रिप्टेड फाइल देवाणघेवाण लावा. व्यसनमुक्ती, मानसोपचार, एचआयव्ही यांच्या नोंदींसाठी क्लायंटकडे पोर्टल किंवा डायरेक्ट आहे का ते आधी विचारा. व्यसनमुक्तीच्या नोंदींना तर हिपाहून वेगळे, अधिक कडक संघीय नियम आहेत.

आणि सुरक्षा विभागाला सांगा की ‘उद्यापासून फॅक्स बंद’ असे पत्र काढू नका. गेल्या तीन महिन्यांचा फॅक्सचा लॉग काढा, सर्वांत जास्त पाने कोणत्या दवाखान्यांकडून येतात ते पाहा. बहुतेक वेळा थोड्या क्रमांकांकडूनच मोठा भाग येतो. त्यांच्या नोंदी विभागातल्या माणसाला फोन करा, व्यवस्थापकाला नको. त्याला तुमच्या फॅक्सचा खरा रस्ता दाखवा, आणि त्यांचे सॉफ्टवेअर आधीच देत असलेली दुसरी सुरक्षित वाट कोणती ते त्याच्याबरोबर बसून शोधा. ती बहुधा असते, फक्त कोणी चालू केलेली नसते. त्या वाटेनेही पोच मिळेल याची खात्री त्याला करून द्या, कारण तो फॅक्सला चिकटून आहे तो पावतीसाठी. दोन-तीन आठवडे दोन्ही वाटा समांतर चालवा, पाने जुळवा, आणि जुळली की तेवढ्या एका दवाखान्यापुरता फॅक्स बंद करा. मग यादीतला पुढचा क्रमांक घ्या.